बारा व्होल्टचा संसार : चाकांवरच्या घरातील विजेचा जमाखर्च

चाकांवरचे घर विजेच्या खांबांपासून दूर, एखाद्या निर्जन माळावर उभे राहिले की आत झोपणाऱ्या माणसाची नजर रात्री एकदा तरी भिंतीवरच्या एका आकड्याकडे जातेच. १२.६ दिसले तर निश्चिंती. १२.२ दिसले तर एखादा दिवा मालवायचा. ११.९ दिसले तर सकाळपर्यंत काय काय बंद ठेवता येईल, याचा हिशेब सुरू होतो.

जगभरच्या कॅरव्हॅनवाल्यांना पाठ असलेले हे आकडे आले कुठून? बाराच व्होल्ट का? बॅटरी निम्म्याहून खाली उतरू देऊ नये, हा दंडक का पडला? आजचा धागा या जमाखर्चाच्या इतिहासाचा. त्यात एक ध्रुवीय जहाज आहे, अमेरिकेतील शेतघरांची तळघरे आहेत आणि चंद्राच्या वाटेवर अडकलेले एक यानही आहे.

प्रारंभ फ्रान्समध्ये. १८५९ साली गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे सल्फ्युरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. गंमत अशी की तेव्हा ती भरायला व्यवहारोपयोगी डायनॅमोच नव्हते. एका प्रकारच्या घटांतली वीज दुसऱ्या घटात ओतायची, एवढाच तिचा उपयोग. म्हणून वीस वर्षे ती प्रयोगशाळेतच राहिली.

१८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि साठवणीची क्षमता एकदम वाढली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये भरलेली अशी एक बॅटरी पेटीत घालून ग्लासगोला विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांच्याकडे नेण्यात आली. ‘विजेची पेटी’ म्हणून वृत्तपत्रांत तिचा मोठा गवगवा झाला. वीज एका देशात भरावी आणि दुसऱ्या देशात वापरावी, हे लोकांना जादूसारखे वाटले.

त्या पेटीत सुमारे दहा लाख फूट-पौंड एवढी ऊर्जा असल्याचे सांगितले गेले. आपल्या वीजबिलाच्या भाषेत हे साधारण ०.३८ युनिट होते. आज कॅरव्हॅनच्या बाकाखाली बसणारी १०० अँपिअर-तासांची एक साधी बॅटरी कागदोपत्री १.२ युनिट साठवते, म्हणजे त्या पेटीच्या तिप्पट. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या प्रगतीनंतरही शिशाची बॅटरी तिप्पटच, हे ऐकून थोडी निराशा होईल. पण या कथेतील सगळी चिकाटी त्या कंजूषपणातूनच जन्मली आहे.

मग पहिली हौशी कॅरव्हॅन विजेवर उजळली का? नाही. ब्रिटिश नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि इंग्लंडमधील ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस गाठले. सोबत सेवक, गाडीवान, एक कुत्रा आणि एक पोपट. केवळ आनंदासाठी फिरणाऱ्या कॅरव्हॅनची परंपरा येथून सुरू झाली असे मानतात. विजेचा प्रश्नच नव्हता. फोरची बॅटरी बाजारात आली होती, परंतु रस्त्यात ती भरणार कोण? घोडे गाडी ओढत होते. डायनॅमो फिरवणे त्यांच्या करारात नव्हते.

फिरत्या घराला स्वतःची वीज देण्याचा एक मोठा प्रयोग समुद्रावर झाला. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांचे ‘फ्राम’ हे जहाज १८९३ मध्ये उत्तर ध्रुवाकडील बर्फात मुद्दाम अडकून घेण्यासाठी निघाले. बर्फासोबत वाहत जायचे, अशी ती योजना. तेरा माणसे, महिनोन्‌महिने सूर्य नाही. जहाजावर पवनचक्की, तिच्यावर चालणारा डायनॅमो आणि वीज साठवण्यासाठी बॅटऱ्या होत्या. वारा पडला तर माणसांनी फिरवता येईल अशीही सोय योजली होती.

नान्सेन यांच्या या रचनेत आजच्या कॅरव्हॅनचे सारे अवयव दिसतात : वीज देणारा एक लहरी स्रोत, मधे साठवण आणि शेवटी एक दिवा. काही काळाने चक्कीचे दाते झिजले, ती उतरवावी लागली आणि मंडळी पुन्हा तेलाच्या दिव्यांकडे वळली.

आता अमेरिका. ओहायोतील शेतावर वाढलेला अभियंता चार्ल्स केटरिंग या कथेत दोनदा येतो आणि दोन्ही वेळा निर्णायक ठरतो. त्याने विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला. तोवर मोटार सुरू करायला पुढचा दांडा हाताने फिरवावा लागे. तो उलटा बसला की मनगट मोडे. स्टार्टर आला आणि प्रत्येक मोटारीत एक बॅटरी आणि ती भरणारा डायनॅमो कायमचा येऊन बसला. स्टेबल्स यांच्या घोड्यांना जे जमणारे नव्हते, ते आता इंजिन आपोआप करू लागले.

केटरिंगचे दुसरे काम १९१६ मधले, ‘डेल्को-लाइट’. शहरांत तारा पोहोचल्या होत्या; शेतघरांत रॉकेलचे कंदील होते. डेल्को-लाइट म्हणजे एक छोटे इंजिन, त्याला जोडलेला जनित्र आणि काचेच्या बरण्यांतील सोळा घट. प्रत्येक घट दोन व्होल्टचा, म्हणून एकूण ३२ व्होल्ट. तळघरात किंवा अंगणातील खोपटात हा संच बसवायचा आणि घरभर दिवे लावायचे.

भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील घरांत आलेला इन्व्हर्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, खालच्या खुणेपर्यंत पाणी उतरले की ओरडा बसणे, पंखा चालेल पण मिक्सर नको, हे सारे नियम त्या तळघरांत आधीच तयार झाले होते.

या संचाबरोबर घरात एक नवे काम आले : बॅटरीत किती उरले आहे, हे रोज पाहणे. वीज डोळ्यांना दिसत नाही. परंतु शिशाच्या बॅटरीत तिचा हिशेब आम्लात नोंदला जातो. बॅटरी वापरली जाते तसे आम्ल पत्र्यांत शोषले जाते आणि द्रव पातळ होतो. हायड्रोमीटर बुडवला की भरलेल्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व १.२७ च्या आसपास दिसते, निम्मी उतरलेली असेल तर १.१९ च्या. काही बरण्यांत रंगीत गोळ्याच सोडलेल्या असत. द्रव पातळ होऊ लागला की त्या एकेक करून बुडत. काचेतून डोकावले की घराची शिल्लक कळे.

पत्र्यांवर या वेळी शिशाचे सल्फेट जमते. लगेच बॅटरी भरली तर ते विरघळून पुन्हा आम्ल होते. दिवसेंदिवस तसेच ठेवले तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग कितीही वीज ओता, तो भाग परत येत नाही. ‘निम्म्याच्या खाली नको’ या दंडकाचे मूळ येथे आहे. खोलवर उतरलेली बॅटरी त्या रात्री चालते. तिची किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागते. उधारीची सवय असलेल्या शेतकरी कुटुंबांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसावी.

दुसरी अडचण अधिक छुपी. विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन संशोधकाने १८९७ मध्ये दाखवून दिले होते की शिशाच्या बॅटरीतून वीज जितक्या घाईने काढावी, तितकी ती एकूणच कमी मिळते. बॅटरीवर छापलेले १०० अँपिअर-तास बहुधा वीस तासांत सावकाश, म्हणजे ५ अँपिअरने काढण्याचे असतात. तीच बॅटरी २५ अँपिअरने वापरली तर साध्या भागाकाराने चार तास चालायला हवी. प्रत्यक्षात ती तीन तासांच्या आसपास हात टेकते.

म्हणून जड काम बॅटरीवर टाकायचे नाही. शेतघरांत कपडे धुण्याच्या किंवा इस्त्रीच्या दिवशी इंजिन सुरू करण्याची पद्धत होती : धुलाई यंत्राचा भार सरळ जनित्र उचलेल आणि उरलेल्या विजेने बॅटरीही भरेल. आज कॅरव्हॅनमध्ये लॅपटॉप, पंप, चार्जर ही कामे भर दुपारी, सौरपट्टी जोरात असताना उरकतात. कालच्या इस्त्रीच्या वारासारखेच हे.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील दर दहा शेतांपैकी साधारण एकाकडेच तारेची वीज होती. पण रेडिओ सगळ्यांना हवा होता. अनेक घरांत संध्याकाळी मोटारीची बॅटरी काढून रेडिओला जोडली जाई. कार्यक्रम रंगला की सकाळी मोटार सुरू होत नसे.

या पेचावर आयोवातील ‘विनचार्जर’ कंपनीने छपरावर बसवायची सहा व्होल्टची छोटी पवनचक्की काढली आणि झेनिथ कंपनीने आपल्या रेडिओसोबत ती सवलतीत विकली. मोठ्या घरांसाठी मार्सेलस आणि ज्यो या जेकब्स बंधूंच्या तीन पात्यांच्या चक्क्या होत्या. त्यांपैकी एक १९३३ मध्ये रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकालाही गेली.

मग ११ मे १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापले. खांब शेतांपर्यंत पोहोचू लागले आणि पुढच्या दोन दशकांत चक्क्या, बरण्या, हायड्रोमीटर अडगळीत गेले. शेतकऱ्याला त्याचे दुःख झाले असे समजण्याचे कारण नाही. इस्त्री कधी करायची हे वारा ठरवत नाही, याचा आनंद त्या काळच्या बायकांइतका कोणाला कळणार! मात्र विजेची शिल्लक पाहून दिवस आखण्याची एक घरगुती विद्या त्यासोबत विस्मरणात गेली, हेही खरे.

ती पुन्हा शिकावी लागली ती चाकांवरच्या घरांत. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ ही अॅल्युमिनियमची चकाकती कॅरव्हॅन बाजारात आणली. किंमत १,२०० डॉलर, चार जणांची झोपायची सोय, स्वतःचे पाणी आणि विजेचे दिवे. महामंदीच्या दिवसांत ती रक्कम लहान नव्हती. बायम पुढे कॅरव्हॅनचे तांडे घेऊन जगभर निघाले. १९५९ मध्ये निघालेला त्यांचा तांडा केपटाउनहून कैरोपर्यंत गेला. आफ्रिकेच्या त्या वाटांवर रोज रात्री वीज जोडून देणारा तळ मिळणार नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

आता ‘बाराच व्होल्ट का’ याचे उत्तर देता येते. कॅरव्हॅनसाठी म्हणून कोणी हा आकडा निवडलेलाच नाही. कॅरव्हॅन मोटारीच्या मागे चालते. जी वीज मोटारीत, तीच मागच्या घरात. युद्धाआधीच्या बहुतेक अमेरिकी मोटारी सहा व्होल्टच्या होत्या. १९५० च्या दशकात अधिक दाबाची, मोठी इंजिने आली. थंडीत ती फिरवायला सहा व्होल्टचा स्टार्टर अपुरा पडू लागला आणि कारखाने बारा व्होल्टकडे वळले. त्यांच्यामागून कॅरव्हॅनचे दिवे, पंप, पंखे सगळे बारा व्होल्टचे झाले. एका जड इंजिनाच्या सोयीसाठी झालेला निर्णय आज एलईडी दिव्यांनाही लागू आहे.

मोटारीशी असलेल्या या नात्यातून रेडिओवाल्या शेतकऱ्यांचा जुना घोटाळाही परत आला. रात्री दिवे आणि पंखा चालवला, सकाळी मोटार मुकी. माळावर, मैलोन्‌मैल कोणी नसताना, ही गैरसोय न राहता धोका होतो. यावर जो तोडगा रूढ झाला तो साधा आणि अत्यंत शहाणपणाचा आहे : बॅटऱ्या दोन ठेवायच्या. एक फक्त इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरासाठी. इंजिन चालू असताना मधला रिले दोन्ही जोडतो आणि दोन्ही भरतात. इंजिन थांबले की तो तुटतो. मग घरातील माणसांनी कितीही उधळपट्टी केली तरी परतीच्या प्रवासाला हात लागत नाही.

दोन्ही बॅटऱ्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून वेगळ्या असतात. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पत्रे असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचे, एवढेच तिचे काम. तिला रोज रात्री खोलवर उपसले तर ती काही महिन्यांत संपते. घराच्या बॅटरीत जाड आणि मोजके पत्रे असतात, सावकाश उतरण्या-चढण्यासाठी. पैसे वाचवण्यासाठी मोटारीची जुनी बॅटरी घरात लावणाऱ्यांना हा धडा प्रत्येक पिढीत नव्याने मिळतो.

काही ओझी मात्र बॅटरीवर टाकलीच गेली नाहीत. १९२२ मध्ये स्टॉकहोमचे दोन विद्यार्थी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स, यांनी हलता भाग नसलेला, केवळ उष्णतेवर चालणारा शीतकपाट शोधला. इलेक्ट्रोलक्सने तो जगभर नेला. ज्योतीच्या उष्णतेने थंडी निर्माण करणारे हे यंत्र गॅसच्या टाकीवर चालते. वर्षानुवर्षे कॅरव्हॅनमधील लोणी आणि दूध या ज्योतीने सांभाळले. चूल गॅसवर, पाणी तापवणेही गॅसवर. बॅटरीकडे उरले दिवे, पंप आणि रेडिओ.

एअरस्ट्रीमचा अवकाशाशीही संबंध आला. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या वीरांना १९६९ मध्ये ज्या फिरत्या विलगीकरण कक्षात ठेवले, तो एअरस्ट्रीमचीच सुधारित कॅरव्हॅन होता. पण बॅटरीच्या हिशेबाची सर्वांत कठीण परीक्षा त्यानंतरच्या वर्षी, अपोलो १३ वर झाली.

एप्रिल १९७० मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली आणि मुख्य यानाची वीज जाऊ लागली. तिघे अंतराळवीर चांद्रयानात शिरले. ते दोन माणसांसाठी, साधारण दोन दिवसांपुरते बांधलेले; आता तिघांना जवळपास चार दिवस काढायचे होते. चांद्रयान निव्वळ बॅटऱ्यांवर चालत होते, भरण्याचा मार्ग शून्य. मग तेच झाले जे प्रत्येक माळावर होते : जे बंद करता येईल ते सगळे बंद. वीजवापर नेहमीच्या एक-पंचमांशावर आणला गेला. आत कडाक्याची थंडी पडली.

या साऱ्यात कॅरव्हॅनवाल्याला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट होती. पृथ्वीच्या वातावरणात शिरण्यासाठी मुख्य यानाच्या वेगळ्या बॅटऱ्या राखीव होत्या; म्हणजे परतीची बॅटरी निराळी. अपघाताच्या गोंधळात त्यांतूनही काही वीज खर्च झाली होती. नियंत्रण कक्षाने चांद्रयानाच्या बॅटऱ्यांतून उलट दिशेने वीज पाठवून ती तूट भरून काढली. चांद्रयान सोडून दिले तेव्हा त्यात सुमारे २० टक्के वीज शिल्लक होती.

सौरपट्टीचा उगम १९५४ मधला. बेल प्रयोगशाळेतील डॅरिल चेपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉनचा घट दाखवला. १९५८ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हँगार्ड १ या उपग्रहाची साधी बॅटरी काही महिन्यांतच संपली. सौरघटांवरचा संदेश १९६४ पर्यंत येत राहिला. जमिनीवर मात्र हे घट परवडणारे नव्हते. एलियट बर्मन यांच्या कंपनीने १९७३ च्या सुमारास दर वॅटचा भाव १०० डॉलरवरून २० पर्यंत आणला, तेव्हा पहिले गिऱ्हाईक मिळाले ते समुद्रातील तेलविहिरींवरचे इशाऱ्याचे दिवे. कॅरव्हॅनच्या छपरावर ही पट्टी सर्रास दिसायला आणखी बराच काळ गेला.

सौरपट्टीचे कौतुक पुष्कळ होते; एलईडीचे तितके होत नाही, आणि हे अन्यायाचे आहे. कॅरव्हॅनमधील जुना तापतंतूचा दिवा सहज १० वॅट खाई, म्हणजे बारा व्होल्टवर जवळपास १ अँपिअर. चार दिवे पाच तास लावले की १६ ते १७ अँपिअर-तास गेले. शंभराच्या बॅटरीतील वापरण्याजोगे ५० धरले तर तिसरा हिस्सा केवळ उजेडावर. तेवढाच उजेड एलईडी दीड-दोन वॅटमध्ये देतो. कमाई न वाढवता शिल्लक वाढली.

ती लगेच दुसऱ्या दाराने खर्चही झाली. बारा व्होल्टचे कंप्रेसरचे शीतकपाट आले आणि दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास मागू लागले. उन्हाळ्यात, बंद गाडीत, त्याहूनही अधिक. ढगाळ हवामानाचे दोन दिवस सलग आले की शिशाची एक बॅटरी कोरडी पडते. म्हणून आज तळ टाकताना जागा निवडायचा प्रश्न तिढ्याचा होतो : माणसांना आणि शीतकपाटाला झाडाची सावली हवी, छपरावरच्या पट्टीला ऊन. एका कोपऱ्यावर पानांची सावली पडली तरी साध्या जोडणीच्या पट्टीचे उत्पन्न बरेच कोसळते. लांब वायर घेऊन पट्टी उन्हात जमिनीवर मांडणारी मंडळी याच कारणाने दिसतात.

१९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट या द्रव्याची बॅटरीसाठीची उपयुक्तता दाखवली. त्यावर आधारलेली बॅटरी ८० ते ९० टक्क्यांपर्यंत वापरली तरी तक्रार करत नाही, वजनाला निम्म्याहून हलकी असते आणि पॉइकर्टचा जाच तिला जवळजवळ नाही. शंभर वर्षांचा ‘निम्म्याच्या खाली नको’ हा दंडक तिने सैल केला. एक नवा मात्र घातला : शून्य अंशाखालच्या थंडीत तिला भरायचे नाही, नाहीतर आत लिथियमचा धातू साचून ती बिघडते. वीज देणे त्या थंडीतही चालते.

आणि भिंतीवरचा तो आकडा? शिशाच्या बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, तेही तासभर काही न चालवता पाहिले तरच. चालू पंपाच्या वेळी दिसणारा आकडा फसवा. नव्या बॅटरीत तेवढाही भरवसा नाही. तिचे व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहते आणि संपता संपता एकदम कोसळते. म्हणून आता तारेत शंट नावाची धातूची छोटी पट्टी बसवतात. तिच्यातून किती अँपिअर गेले आणि किती परत आले, हे यंत्र क्षणोक्षणी मांडत राहते. या मोजणीतही बारीक चुका साचत जातात. म्हणून काही दिवसांनी बॅटरी काठोकाठ भरून ती वही पुन्हा शंभरापासून सुरू करावी लागते.